चिमूटभर रूसख्तज

गेल्या रमजानमध्ये आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला. अमेरिकेने १९४३ साली शोध लावल्याचा डंका पिटला, ते बिडात मॅग्नेशियम घालून त्याला चिवट करण्याचं तंत्र आपल्या अल-बिरूनीने हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं, पण इतिहासाने ते दडपलं, असा एकंदर मजकूर. खाली फेटा बांधलेल्या एका बुजुर्गाचं चित्र, शेजारी तलवार, आणि ‘प्रत्येक मुसलमानापर्यंत पोहोचवा’ ही ताकीद. पाठवणारा माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला.

मी तो संदेश अब्बांना वाचून दाखवला. अब्बांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत गेली. मोल्डर म्हणून लागले, पुढे पोरिंगवर आले. वितळलेल्या बिडाला मॅग्नेशियम दिलं की काय होतं, हे त्यांनी हजारदा तरी पाहिलं असेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मुशीत मॅग्नेशियम घातलं म्हणतोस? मग मूस राहिली कुठं?”

भाच्याला नीट उत्तर द्यावं म्हणून मी वाचायला बसलो. दोन दिवसांत संपेल असं वाटलेलं काम दोन महिने चाललं. संदेश खोटा निघाला. पण तो खोडून काढताना जे हाती लागलं ते भाच्यापुरतं ठेवण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो आहे.

बीड हा शब्द आता मराठीत बहुतेक तव्यापुरताच उरलाय. आमच्याकडे अम्मीचा आंबोळ्यांचा एक जाड बिडाचा तवा होता. एकदा हातातून निसटून फरशीवर पडला आणि त्याचे सरळ दोन तुकडे झाले. अम्मी बघतच राहिली. लोखंड असं काचेसारखं फुटतं का? अब्बा म्हणाले, “लोखंड नव्हे ते, बीड आहे.” लहानपणी मला हे उत्तर म्हणजे टाळाटाळ वाटली होती. खरं तर त्या एका वाक्यात सगळं होतं.

शुद्ध लोखंड वितळायला १५३० अंशांच्या वर उष्णता लागते. कोळशाच्या जुन्या भट्टीत ती गाठणं महाकठीण. पण लोखंडात कार्बन मुरत गेला की ते लवकर वितळू लागतं. चार-सव्वाचार टक्के कार्बन असेल तर ११५० अंशांच्या आसपासच त्याचं पाणी होतं. हे पाणी साच्यात ओतता येतं म्हणून ते ओतीव लोखंड, म्हणजे बीड. अडचण येते ती थिजताना. घट्ट झालेल्या लोखंडात एवढा कार्बन मावत नाही. तो बाहेर पडायला बघतो, आणि त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, ग्राफाइट होऊन वेगळं पडणं. ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीत असतं तेच. दुसरी, लोखंडाशीच बांधून घेऊन कार्बाइड होणं. हे कार्बाइड पांढरं, अतिकठीण आणि काचेसारखं ठिसूळ असतं.

पहिल्या वाटेने गेलेलं बीड करडं दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात ग्राफाइटच्या पातळ वाकड्या पाकळ्या पसरलेल्या दिसतात. ग्राफाइटला स्वतःची ताकद नाही, त्यामुळे प्रत्येक पाकळी ही धातूच्या पोटात आधीच पडलेली चीर असते. कापडाला कडेला जराशी कात्री लावली की पुढचं हाताने फाडता येतं, तसंच. अम्मीचा तवा असा लाखो ठिकाणी आधीच कातरलेला होता. फरशीने फक्त निमित्त दिलं. दुसऱ्या वाटेने गेलेलं बीड पांढरं. ते झिजत नाही, पण घणाचा एक घाव बसला की खलास.

कार्बन कुठल्या वाटेने जाणार, हे ठरतं थोडं थंड होण्याच्या वेगावर आणि बरंचसं इतर मिसळींवर. सिलिकॉन त्याला ग्राफाइटकडे ढकलतो, क्रोमियम कार्बाइडकडे. गंधक खोडी काढतो, मँगनीज त्या गंधकाला बांधून ठेवतो. फाउंड्रीत आजही हिशोब असतो की गंधकाच्या १.७ पट आणि वर ०.३ टक्के एवढं मँगनीज पाहिजे. फॉस्फरसचं आणखी वेगळं. त्याने बीड पाण्यासारखं पातळ होतं, नक्षीदार जाळ्यांच्या बारीक कोपऱ्यांतही जातं, पण गार झाल्यावर तेवढंच फुटकं. म्हणजे प्रत्येक चिमूट एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने घेते. हे ध्यानात ठेवून आता हजार वर्षं मागे जाऊ.

अल-बिरूनीला आपण ओळखतो तो ‘किताबुल हिंद’मुळे. ख्वारिझममध्ये ९७३ साली जन्मलेला, गझनीच्या दरबारात असलेला आणि हिंदुस्थान समजून घेण्यासाठी संस्कृत शिकलेला हा माणूस. म्हातारपणी त्याने सुलतान मौदूदसाठी, म्हणजे महमूद गझनवीच्या नातवासाठी, रत्नं आणि धातूंवर एक ग्रंथ लिहिला. ‘किताबुल जमाहिर’. त्यात लोखंडावर एक प्रकरण आहे. संदेशातल्या दाव्याचं मूळ तिथेच असल्याने मी ते प्रकरण भाषांतरांच्या आधाराने पुन्हा पुन्हा वाचलं.

तो लोखंडाचे प्रकार सांगतो. मऊ ते नर्माहन. नर्म आणि आहन, उर्दू जाणणाऱ्याला वेगळं सांगायला नको. कठीण ते शाबुरकान. आणि तिसरी गोष्ट म्हणजे दगडातून लोखंड काढताना आधी वाहून येणारं, पांढरं, चांदीकडे झुकणारं, कडक असं ‘लोखंडाचं पाणी’. त्याला तो ‘दूस’ म्हणतो. विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक अहमद युसूफ अल-हसन यांनी दाखवून दिलं की हे दूस म्हणजे बीडच. वर्णन तंतोतंत जुळतं. आधी वितळतं, वाहतं, पांढरं असतं, कठीण असतं. पांढरं का, तर त्यातला कार्बन दुसऱ्या वाटेने गेलाय.

नर्माहन आणि दूस मुशीत एकत्र वितळवलं की फौलाद होतं, असं बिरूनी सांगतो. आपल्या मराठीतलं पोलाद ते हेच, फारसीतून आलेलं. आणि पुढे तो बारकावा देतो. दोन्ही पूर्ण एकजीव झाली तर त्या फौलादाच्या कानशी होतात. अर्धवट मिसळली तर दोन रंग वेगवेगळे दिसत राहतात आणि तलवारीवर लाटांची नक्षी उमटते. त्याच्या आधी दोनशे वर्षं बगदादच्या अल-किंदीने खलिफा मुअतसिमसाठी तलवारींवर एक रिसाला लिहिला होता. त्यातही हेच की फौलाद खाणीतून तसंच निघत नाही, वितळताना काहीतरी टाकून ते बनवावं लागतं. बिडात चार टक्के कार्बन, नर्माहनमध्ये जवळपास नाहीच, दोन्ही मिळून एक-दीड टक्क्याचं फौलाद. आकडे त्यांच्याकडे नव्हते, पण मेळ बरोबर होता.

आता ती कृती. बिरूनी ती स्वतःच्या नावावर खपवत नाही. दमास्कसचा लोहार मझ्यद बिन अली याच्या पुस्तकातून घेतली, असं स्वच्छ सांगतो. प्रत्येक मुशीत पाच रतल घोड्यांचे नाल आणि त्यांचे खिळे, नर्माहनचे. वर तीन वस्तू, प्रत्येकी दहा दिरहम वजनाच्या. रूसख्तज, सोनेरी मर्कशीशा आणि ठिसूळ मग्नीसिया. भट्टी तापली की पुरचुंडी बांधून आणखी एक पूड. तिच्यात हलीलज, डाळिंबाची साल, कणकेत घालतात ते मीठ आणि शिंपले. हलीलज म्हणजे आपला हिरडा. पोट साफ करायला आजी द्यायची तोच. मला पहिल्यांदा हसू आलं, पण हिरडा आणि डाळिंबाची साल जळून कार्बनच उरणार आणि लोखंडाला तोच हवा आहे. मग तासभर जोराचा भाता, आणि गार झाल्यावर मुशीतून लोखंडाची ‘अंडी’ काढायची.

संदेश लिहिणाऱ्याची नजर ‘मग्नीसिया’वर पडली आणि तिथेच तो घसरला. मग्नीसिया म्हणजे मॅग्नेशियम नव्हे. त्या काळच्या अरबी ग्रंथांत या नावाने सहसा येतो तो मँगनीजचा काळा दगड, काच करणारेही वापरायचे तो. मँगनीज आणि मॅग्नेशियम ही दोन्ही नावं मॅग्नेशिया या एकाच ग्रीक प्रदेशाच्या नावावरून पडली. घोटाळा त्या नावांनी केला. मॅग्नेशियम धातू म्हणून वेगळा काढला तो हम्फ्री डेव्हीने, १८०८ साली. त्याआधी तो धातूच्या रूपात कुणाच्याच हाती नव्हता. आणि अब्बांचा प्रश्न शिल्लक राहतोच. मॅग्नेशियम १०९० अंशांना उकळतं. १४०० अंशांच्या लोखंडात ते पडलं की त्याची क्षणात वाफ होते, पांढराशुभ्र लोळ उठतो, उकळी फुटते. मातीच्या बंद मुशीत हे झालं असतं तर उस्ताद मझ्यद पुस्तक लिहायला शिल्लक राहिला नसता.

इथे मी भाच्याला ‘खोटं आहे’ असं कळवून मोकळा होणार होतो. पण यादीतला पहिला शब्द स्वस्थ बसू देईना. रूसख्तज. यात ‘सोख्ता’ आहे, जळालेलं. जुन्या औषधी ग्रंथांत हा शब्द जळालेल्या तांब्यासाठी येतो. तांबं लोखंडात कशाला?

याचा एक जबाब २०२१ मध्ये छापून आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये काम केलेल्या राहील अलीपूर या इराणी संशोधिकेने, थिलो रेहरेन आणि मार्कोस मार्तिनोन-तोरेस यांच्यासोबत, इराणच्या फार्स प्रांतातल्या चाहक नावाच्या गावचे भट्टीचे अवशेष तपासले. चाह म्हणजे विहीर, चाहक म्हणजे लहान विहीर. आज ते एक साधं खेडं आहे. जुन्या फारसी लिखाणात मात्र ते फौलादासाठी नावाजलेलं होतं. तिथल्या मुशींच्या खापऱ्या, मळी आणि मळीत अडकलेले फौलादाचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेले. काळ निघाला अकरावं-बारावं शतक. आणि फौलादात सापडलं एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम. ते चुकून आलेलं नव्हतं. मुशीत क्रोमाइट हा खनिज दगड मुद्दाम टाकल्याच्या खुणा मिळाल्या. त्यावरून या तिघांनी मांडलं की बिरूनीच्या कृतीतलं रूसख्तज म्हणजे हे क्रोमाइट.

मी आपला ढोबळ हिशोब करून पाहिला. बगदादी रतलात साधारण १३० दिरहम धरले तर पाच रतल म्हणजे साडेसहाशे दिरहम. त्यात दहा दिरहम म्हणजे दीड टक्का पूड. क्रोमाइटच्या वजनाच्या तिसरा हिस्सा ते जवळपास निम्मं क्रोमियम असतं. म्हणजे अर्धा टक्का किंवा थोडं वर. चाहकच्या आकड्याच्या बऱ्यापैकी जवळ. तराजू हातात असलेल्या माणसांची ही कृती आहे, जादूटोण्याची नव्हे.

चाहकची बातमी आली तेव्हाही संदेश फिरले होते. ‘मुसलमानांनी हजार वर्षांपूर्वी स्टेनलेस स्टील केलं’. तेही चूक. गंज न धरणाऱ्या पोलादाला साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम लागतं, एका टक्क्यात ते होत नाही. एका टक्क्याने होतं ते एवढं की कार्बाइड पक्कं बांधलं जातं आणि पातं कठीण होतं.

पण चाहकच्या गोष्टीतला जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, तो कुणी पुढे पाठवला नाही. त्या फौलादात क्रोमियमबरोबर दोन टक्क्यांच्या आसपास फॉस्फरसही सापडला. आजच्या पोलादात शतांश टक्क्यांत मोजतात तिथे दोन टक्के. फॉस्फरसने धातू लवकर वितळतो, भट्टीवाल्याचं काम सोपं होतं. पण तो थिजताना कणांच्या सांध्यांमध्ये जाऊन बसतो आणि सांधेच पोकळ करतो. आणि तेराव्या शतकातल्या एका फारसी हस्तलिखितात, अलीपूर यांनीच त्याचा अनुवाद केला आहे, नोंद आहे की चाहकच्या फौलादावरची नक्षी फार देखणी, पण तिथल्या तलवारी ठिसूळ, आणि म्हणून त्यांचा भाव पडला.

ही नोंद वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी बाजारात उभं राहून खरं ते लिहून गेला. आपल्याच भागातला माल होता, दिसायला सुंदर होता, तरी त्याने लिहिलं की मोडतो. आणि आठशे वर्षांनी प्रयोगशाळेतल्या आकड्यांनी त्याची साक्ष खरी ठरवली. चाहकच्या उस्तादाला क्रोमाइटचा दगड माहीत होता, तो त्याने मोजून टाकला. फॉस्फरस नावाची वस्तू जगात आहे हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. तो न बोलावता आला, आणि अख्ख्या गावाचं नाव घेऊन गेला.

(हिंदुस्थानी फौलादाचं प्रकरण याहून उलटं आहे. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत पिकणारं फौलाद इराणी व्यापारी घेऊन जात आणि जगात ते दमास्कसच्या नावाने मिरवत असे. जॉन वेर्होवेन आणि अल्फ्रेड पेंड्रे यांनी १९९८ मध्ये मांडलं की त्यावरची नक्षी शतांश टक्क्याहूनही कमी व्हॅनेडियममुळे उमटत असावी, तेही खनिजातून आपोआप आलेलं. म्हणजे इथे न बोलावता आलेल्या पाहुण्याने नाव कमावून दिलं. त्यावर पुन्हा कधीतरी.)

बिडाचं काय? ते ठिसूळच राहिलं. चिनी लोक ख्रिस्तपूर्व काळापासून बीड ओतत होते आणि दिवसच्या दिवस तापवून त्याला जरासं नरमवतही होते. फ्रान्समध्ये रेओम्यूरने १७२२ साली असंच काही मांडलं. पण ओतल्या ओतल्या चिवट निघेल असं बीड कुणाकडे नव्हतं. विजापूरची मलिक-ए-मैदान ही तोफ अहमदनगरला एका रूमी उस्तादाने ओतली ती तांब्या-कथलाची. त्यात शान होतीच, पण बार उडताना फुटणाऱ्या तोफेपेक्षा महागडी तोफ परवडते हा व्यवहारही होता.

कोंडी फुटली ती १९४३ मध्ये, आणि पुन्हा क्रोमियममुळेच. म्हणजे त्याच्या टंचाईमुळे. इंटरनॅशनल निकेल या कंपनीचं ‘नाय-हार्ड’ नावाचं एक मिश्रधातूचं बीड होतं, साधारण चार टक्के निकेल आणि दोन टक्के क्रोमियम घातलेलं. ते पांढऱ्या जातीचं. दगड-कोळसा दळणाऱ्या चक्क्यांच्या आतल्या पाट्यांसाठी वापरतात. त्यात निकेलची भूमिका धातूचा गाभा कडक करण्याची, पण निकेल कार्बनला ग्राफाइटकडेही ओढतो. त्याला आवरायला क्रोमियम. महायुद्धात क्रोमियमची चणचण झाली. न्यू जर्सीतल्या बेयॉन इथल्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस या तरुण धातुशास्त्रज्ञाकडे काम आलं की क्रोमियमऐवजी कार्बाइड बांधणारं दुसरं काही शोध. त्याने एकामागून एक मूलद्रव्यं घालून पाहिली. त्यांत मॅग्नेशियमही होतं, तांब्यात मिसळून दिलेलं, कारण नुसतं दिलं तर काय होतं ते अब्बांनी सांगितलंच आहे.

मॅग्नेशियमने कार्बाइड तर बांधलंच, पण ते पांढरं बीड नेहमीपेक्षा जास्त मार सोसू लागलं. मग त्याने तेच करड्या बिडात घालून पाहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाकळ्या नव्हत्याच. ग्राफाइटचे गोल गोल मणी होते. कार्बन तेवढाच, लोखंड तेच, फक्त आकार बदललेला. पाकळीच्या टोकाशी चीर सुरू होते, मण्याला टोकच नाही. करडं बीड ताणलं तर एक टक्काही न लांबता तुटतं. हे नवं बीड दहा-पंधरा टक्के लांबू लागलं, वाकू लागलं.

पाच वर्षं कंपनी गप्प राहिली. ७ मे १९४८ रोजी फिलाडेल्फियात अमेरिकन फाउंड्रीवाल्यांच्या परिषदेत ब्रिटनच्या हेंटन मॉरो यांनी निबंध वाचला की सीरियम घातलं तर बिडात ग्राफाइटचे मणी तयार होतात. तेव्हा निकेल कंपनीकडून सांगण्यात आलं की आम्ही हे मॅग्नेशियमने करतो. २५ ऑक्टोबर १९४९ ला पेटंट मिळालं, मिलिस, गॅग्नेबिन आणि पिलिंग या तिघांच्या नावाने. आपल्याकडच्या फाउंड्र्यांत यालाच ‘एसजी’ म्हणतात. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, पाण्याच्या पाइपलाइनी, सगळीकडे तेच.

अब्बांच्या आयुष्याची वीसेक वर्षं याच एसजीत गेली. ते सांगतात ते पुस्तकात सापडत नाही. लॅडलच्या तळाला खळगा असतो, त्यात फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियमचे खडे ठेवायचे, वर पत्र्याचे तुकडे झाकायचे आणि मग भट्टीतलं बीड एका दमात ओतायचं. डोळे दिपवणारा पांढरा उजेड होतो, धुराचा लोट छताला जातो. तो बसला की घड्याळ सुरू. आधी गंधक आणि ऑक्सिजन आपापला वाटा घेतात. त्यानंतर बिडात मॅग्नेशियम उरलं पाहिजे ०.०३ ते ०.०५ टक्के. त्याहून कमी उरलं तर पाकळ्या परत येतात. जास्त झालं तर कार्बाइड होतं आणि माल पुन्हा ठिसूळ. आणि जे उरलंय तेही मिनिटामिनिटाला उडून जातं. दहाएक मिनिटांत साचे भरून झाले पाहिजेत. भंगारात शिशाचा अंश आला, एखादं बॅटरीचं टोक किंवा जुन्या रंगाचा थर, तर शतांश टक्क्याच्या आसपासचं शिसंही मणी बिघडवतं. म्हणून भंगार निवडणाऱ्या बायकांची नजर ही अब्बांच्या मते फाउंड्रीतली पहिली प्रयोगशाळा. त्यांचा पगार सगळ्यांत कमी होता, हेही ते सांगतात.

मी सातवीत असतानाची गोष्ट. ट्रीटमेंट झाली आणि लाइट गेली. लॅडल उचलणारा हॉइस्ट जागच्या जागी थांबला. पंधरा-वीस मिनिटांनी लाइट आली तेव्हा अब्बा म्हणाले की हे ओतू नका, परत भट्टीत घाला. साहेबांनी सांगितलं, ओता, माल वाया जाता कामा नये. दुसऱ्या दिवशी फेटलिंगला एकेक नग टांगून हातोडी मारली. एसजी घंटेसारखं वाजतं, लांब घुमतं. हे सगळे नग बद्द वाजले. पंधरवड्याच्या पगारातून मोल्डिंगच्या पोरांचे पैसे कापले गेले, अब्बांचेही. त्या ईदला आम्हाला नवे कपडे नव्हते. अब्बांना कपड्यांचं आठवत नाही. त्यांना तो आवाज आठवतो.

हे सगळं मी भाच्याला लिहून पाठवलं, थोडक्यात. ग्रुपवर लगेच एका चुलतभावाचं उत्तर आलं की तुम्हा लिहिणाऱ्या लोकांना आपल्याच माणसांना खाली खेचायची सवय आहे. बाहेरचे काय कमी आहेत?

हा टोमणा मला लागला, खोटं कशाला बोलू. शाळेच्या पुस्तकात आपलं नाव लढाईपलीकडे दिसत नाही, तेव्हा माणूस मिळेल तिथून आधार शोधतो. मला ती भूक कळते. पण ज्या बिरूनीच्या नावाने हे चाललंय, त्याचीच एक गोष्ट त्याच ‘जमाहिर’मध्ये आहे. पाचू दाखवला की सापाचे डोळे फुटतात, असं तेव्हाचे मोठमोठे लोक छातीठोक सांगत. बिरूनीने सापाच्या गळ्यात पाचूंची माळ घातली, त्याच्या टोपलीत पाचू पसरले, समोर हलवून पाहिले. नऊ महिने, थंडीत आणि उन्हाळ्यात. सापाला काहीही झालं नाही. आता त्याच्या डोळ्यांत पाचूचं काजळ घालायचं तेवढं राहिलं, अशा थाटात त्याने ते लिहून ठेवलं. ज्याने नऊ महिने सापाशी घालवले पण ऐकीव गोष्ट मान्य केली नाही, त्याच्या नावाने आपण एक शब्द न तपासता पुढे ढकलतो. हे मी चुलतभावाला लिहिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

भाचा मात्र ईदला घरी आला तेव्हा विषय काढून बसला. “मामू, रूसख्तज म्हणजे क्रोमाइट, हे तरी पक्कं का?” मी म्हटलं, चाहकच्या मळीवरून त्या तिघांनी तसं मांडलंय आणि मला पटलंय. उद्या दुसऱ्या गावच्या मुशीत दुसरं काही निघालं तर पुन्हा बघावं लागेल. तो जरा विचारात पडला. अब्बांनी तोवर आतून अम्मीच्या तव्याचा एक तुकडा आणला. इतकी वर्षं त्यांनी तो पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवला होता. तुटलेली कड भाच्याला दाखवली. करडी, बोट फिरवलं की काळं लागणारी. मग चमच्याने त्यावर टक् करून वाजवलं आणि म्हणाले, “ऐक. आता पुढच्या वेळी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एसजीचा तुकडा मिळाला तर तो वाजव.”

“चाहकच्या तलवारी का मोडायच्या ते ग्रुपवर टाकू?” भाच्याने विचारलं.

टाक म्हटलं. त्याने टाकलं, नीट लिहून, फॉस्फरससकट. संध्याकाळपर्यंत दोन उत्तरं आली होती. एक नुसता अंगठा. दुसरं माझ्या थोरल्या खालाचं. बिडाचा तवा आता केवढ्याला मिळतो, असं तिने विचारलं होतं.